एल्गारच्या गावातल्या मुलांना संगीताचा तास द्या
इंग्लंडच्या शिक्षणमंत्र्यांना आणि वूस्टरच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री, इंग्लंड
तसेच वूस्टर सिटी कौन्सिल आणि वूस्टरशर काउंटी कौन्सिलचे सर्व सदस्य

स.न.वि.वि.

आमच्या मुलीच्या शाळेने यंदा नववीच्या वेळापत्रकातून संगीत काढून टाकलं. सातवी-आठवीला ते उरलंय, पण नाटकाच्या तासाशी आलटूनपालटून. म्हणजे वर्षाचा अर्धा काळ मुलांना गाणं नाही, वाद्य नाही, काही नाही. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. मी मुख्याध्यापकांना भेटले, तेव्हा त्यांनाही हे मनापासून पटलेलं नाही असं स्पष्ट दिसलं. संगीताच्या शिक्षिका सोडून गेल्या, दुसऱ्या मिळेनात, आणि मिळाल्या तरी पगाराची सोय कशी करायची हा प्रश्नच होता. म्हणून माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. चांगल्या मनाच्या माणसालाही पैसे कमी पडले की सगळ्यात आधी संगीताचा तास कापावा लागतो, अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली आणि चालू ठेवली, त्यांना हे पत्र आहे.

इंग्रजीतून ते तुमच्या कार्यालयांकडे गेलेलं आहेच. मराठीतून उघडपणे लिहिते आहे, कारण इथली रुग्णालयं, प्रयोगशाळा आणि कंपन्या चालवणाऱ्यांत आमची पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. आमची मुलं याच सरकारी शाळांत जातात. आम्ही कर भरतो, आमच्यातले बरेच जण मतही देतात, पण या विषयावर आम्ही आजवर तोंड उघडलेलं नाही.

मी मूळची मिरजेची. इथल्या रुग्णालयात नोकरी करते. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले आणि तंबोऱ्याच्या जवारीवर तासन् तास झुकलेले कारागीर बघत मी वाढले. गावात वाद्यं बनत असली, दुरुस्त होत असली, कानावर सतत काही पडत असलं, तर ज्याच्या घरात पैसा नाही त्यालाही संगीत मिळतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. वूस्टरला आल्यावर हे गाव मला परकं वाटलं नाही, ते यामुळेच. १० हाय स्ट्रीटवर, कॅथेड्रलपासून हाकेच्या अंतरावर, विल्यम एल्गार नावाच्या पियानो ट्यूनरचं वाद्यांचं दुकान होतं. त्याचा मुलगा एडवर्ड, पुढे इंग्लंडचा मोठा संगीतकार झालेला. मिरजेतल्या एखाद्या सतारमेकराच्या पोरासारखाच तो दुकानात, वाद्यांच्या पसाऱ्यात शिकला.

एडवर्ड एल्गार कसा घडला, हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही असं वाटेल. पण माझी सगळी मागणी त्याच गोष्टीवर उभी आहे, म्हणून सांगते. जन्म १८५७ चा, वूस्टरजवळच्या लोअर ब्रॉडहीथचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. जर्मनीतल्या लायप्झिगला जाऊन संगीत शिकायची इच्छा होती, घरची ऐपत नव्हती. काही काळ वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली, ती सोडली. संगीत महाविद्यालयाचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. त्याचं महाविद्यालय म्हणजे हे गाव. दुकानातल्या स्वरलिपीच्या वह्या. कॅथेड्रलमधला ऑर्गन आणि तिथलं रोजचं गायन. वडील जिथे ऑर्गन वाजवत ते सेंट जॉर्ज चर्च, जिथे पुढे तो स्वतःही ऑर्गनवादक झाला. दुकानामागच्या शेडमध्ये मित्रांबरोबर जमवलेला फुंकवाद्यांचा पंचक, ज्यात तो बसून वाजवायचा आणि ज्याच्यासाठी स्वतःच रचना लिहायचा. पॉविकच्या मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांचा वाद्यवृंद होता, त्याचा तो काही वर्षं बँडमास्टर होता. आणि या सगळ्यांच्या वर, थ्री क्वायर्स फेस्टिव्हल.

वूस्टर, हेरफर्ड आणि ग्लॉस्टर या तीन कॅथेड्रल शहरांचा हा उत्सव तीनशे वर्षांहून जुना आहे. दर वर्षी एका शहराची पाळी. सुरुवातीच्या काळापासून त्याचा हेतू धर्मादाय होता. १७२४ पासून तिथे गोळा होणारा पैसा गरीब पाद्र्यांच्या विधवांसाठी आणि अनाथ मुलांसाठी वापरला जाऊ लागला. दोन महायुद्धांनी तो थांबवला, दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला. पहिल्या युद्धानंतर १९२० मध्ये तो उभा राहिला तो वूस्टरलाच, कॅथेड्रलचे ऑर्गनवादक आयव्हर ॲटकिन्स यांच्या खटपटीने.

पण १८७५ मध्ये वूस्टरच्या कॅथेड्रलच्या कारभाऱ्यांनीच तो जवळजवळ मारला होता. वाद्यवृंद नको, बाहेरचे व्यावसायिक गायक नकोत, तिकिटं नकोत, फक्त प्रार्थनेतलं गायन होईल, असा निर्णय झाला. लोक त्याला ‘मॉक फेस्टिव्हल’, म्हणजे नकली उत्सव, म्हणू लागले. गावाने ते मुकाट्याने गिळलं नाही. तीन वर्षांनी वूस्टरची पाळी पुन्हा आली तेव्हा वाद्यवृंद परत आला होता, आणि १८७८ च्या त्या वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन एकवीस वर्षांचा एडवर्ड एल्गार बसला होता. १८८४ मध्ये चेक संगीतकार द्वोर्झाक स्वतः वूस्टरला आले, त्यांनी आपलं ‘स्ताबात मातर’ आणि डी मेजर सिंफनी इथे चालवली. एल्गार तेव्हा पहिल्या व्हायोलिनांमध्ये होता. युरोपातला एक मोठा संगीतकार वाद्यवृंद कसा बांधतो, हे दुकानदाराच्या मुलाला वादकाच्या खुर्चीत बसून, फुकट शिकायला मिळालं. सहा वर्षांनी, १८९० मध्ये, याच उत्सवासाठी त्याने ‘फ्रॉयसार’ ही वाद्यवृंदाची रचना लिहिली.

मंत्रिमहोदय, १८७५ चा निर्णय कायम राहिला असता तर? इथे मी कल्पनेचे इमले रचत नाही, तुम्हीच हिशेब करून पाहा. ज्याच्याकडे फी भरायला पैसे नाहीत त्याला शिकण्याची वाट एकच असते: जवळ, परवडणारं, नियमितपणे चालणारं काहीतरी. ते बंद करणाऱ्याला त्या क्षणी कुणाचंच नुकसान दिसत नाही. १८७५ मध्ये ‘एल्गारचं नुकसान झालं’ असं कोण म्हणणार होतं? अठरा वर्षांच्या त्या पोराचं नाव तेव्हा गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या मुलीच्या वर्गात आज कोण बसलंय, तेही आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही.

आता तक्रारी.

पहिली, सगळ्यात मोठी. २०२२ च्या राष्ट्रीय संगीत शिक्षण आराखड्यात तुमच्याच सरकारी यंत्रणेने लिहिलंय की पहिलीपासून नववीपर्यंत प्रत्येक मुलाला आठवड्यातून किमान एक तास संगीत मिळावं. शब्द चांगले आहेत. पण तो आराखडा बंधनकारक नाही. शाळेने तास दिला नाही तर काही बिघडत नाही. माध्यमिक शाळांपैकी बहुसंख्य आता अकॅडमी आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या शाळा, आणि अकॅडमी करताना त्यांना राष्ट्रीय अभ्यासक्रमातून सूट दिलेली होती. म्हणजे एका हाताने अपेक्षा लिहायची, दुसऱ्या हाताने ती न पाळायची मोकळीक द्यायची. माझ्या मुलीला या आराखड्याने एक मिनिटसुद्धा संगीत दिलेलं नाही.

दुसरी. २०१० मध्ये ईबॅक (इंग्लिश बॅकलॉरिएट) आलं, म्हणजे शाळा मोजायची ठरावीक विषयांची यादी. इंग्रजी, गणित, विज्ञान, एक परकी भाषा, आणि इतिहास किंवा भूगोल. शाळेची पत या विषयांवरून ठरणार म्हटल्यावर शाळा कशावर पैसे आणि तास खर्च करतील हे उघड होतं. संगीत यादीत नव्हतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही ईबॅक काढून टाकण्याचं जाहीर केलंत, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. कला आणि संगीत शिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र काढण्याची घोषणाही चांगली आहे. पण पंधरा वर्षांत जे शिक्षक गेले, जी पदं भरली गेली नाहीत, जी वाद्यं कपाटात धूळ खात पडली, ती घोषणेने परत येत नाहीत. ज्या शाळेत जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला, संगीत घेणारं मूल उरलं नाही, तिथे विभाग नव्याने उभा करायला माणसं लागतील, पैसे लागतील, आणि काही वर्षं लागतील.

तिसरी, पैशाची. शाळांना संगीताचे शिक्षक आणि वाद्यं पुरवणाऱ्या स्थानिक संस्थांना, म्हणजे म्युझिक हबांना, मिळणारं अनुदान २०२२ च्या आराखड्यात वर्षाला ७ कोटी ९० लाख पौंड ठरलं. हा आकडा वर्षानुवर्षं जवळपास तिथल्या तिथे आहे. महागाई मात्र तिथल्या तिथे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शंभराहून जास्त हब एकत्र करून ४३ केले गेले. मोठ्या हबमुळे कारभार सुटसुटीत होईलही. पण व्हायोलिन शिकवणारा माणूस शाळेपर्यंत पोचायला पाहिजे, आणि इथे सेव्हर्न नदीच्या दोन्ही बाजूंना खेडी विखुरलेली आहेत. आज वाद्याचा वैयक्तिक तास हवा असेल तर बहुतेक घरांना तो खिशातून द्यावा लागतो. मला कसाबसा परवडतो. माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या आरोग्य सहायिकेला तो परवडत नाही, आणि तिच्या मुलाचा कान माझ्या मुलीपेक्षा चांगला आहे.

चौथी तक्रार कॅथेड्रलच्या गायनाबद्दल. इथे जरा थांबते, कारण आमच्या मराठी वाचकांपैकी अनेकांनी इव्हनसाँग ऐकलेलं नसेल. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी, शाळेच्या दिवसांत, मुलं आणि मोठे पुरुष-स्त्रिया मिळून कॅथेड्रलमध्ये प्रार्थना गातात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, श्रद्धेची चौकशी नाही. मी हिंदू आहे, कपाळाला टिकली लावून मागे बसते, कधी कुणी भुवई उंचावलेली नाही. परंपरेने दीडशे स्तोत्रं महिनाभराच्या फेऱ्यात वाटलेली आहेत. त्यांच्याभोवती बायबलमधलं मरियमचं आणि वृद्ध शिमोनाचं गीत, आणि एखादी रचना, सोळाव्या शतकातली किंवा गेल्या वर्षीची. दहा-बारा वर्षांचं मूल हे सगळं कागदावरून बघून पहिल्या फटक्यात गातं. अशी तालीम जगात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि ऐकणाऱ्याला ती विनामूल्य मिळते.

वूस्टरमध्ये या गायनाची मुळं किती खोल आहेत! कॅथेड्रलच्या ग्रंथालयात तेराव्या शतकातली अँटिफोनरची, म्हणजे प्रार्थनेतल्या गाण्यांची, पोथी आहे. इथल्या मठात रचलेल्या किंवा गायलेल्या बहुस्वरी गाण्यांची पानं नंतरच्या काळात निरुपयोगी ठरवून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत वापरली गेली. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते तुकडे बांधणीतून काढून, एकाशेजारी एक ठेवून, इंग्लंडमधल्या मध्ययुगीन बहुस्वरी संगीतातला एक मोठा ठेवा परत मिळवला. संगीतकार थॉमस टॉमकिन्स १५९६ पासून पन्नास वर्षं इथे ऑर्गनवादक होते. १६४६ मध्ये राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात शहर पडलं, कॅथेड्रलचं गायन बंद झालं. म्हाताऱ्या टॉमकिन्सनी तरी लिहिणं थांबवलं नाही. १६४९ मध्ये, राजाच्या शिरच्छेदानंतर दोन आठवड्यांनी, त्यांनी लिहिलेली ती दुःखी पावान (संथ नृत्याच्या चालीवरची रचना) आजही वाजवली जाते. राजेशाही परत येईपर्यंत ते जगले नाहीत. गायन मात्र परत आलं.

आता प्रश्न असा, की पुढे हे गाणार कोण? अनेक शहरांत कॅथेड्रलची गाणारी मुलं जवळच्या खासगी शाळेत शिकतात, वूस्टरमध्येही असंच चालत आलंय. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, एप्रिलपासून स्थानिक करातली सवलतही गेली. मी खासगी शाळांची वकिली करायला हे पत्र लिहीत नाही. श्रीमंतांच्या शाळांनी कर भरावा, सरकारी शाळांना शिक्षक मिळावेत, हे मला पटतं. पण कॅथेड्रलमध्ये गाणारी मुलं त्या शाळेत आवाजाच्या जोरावर, शिष्यवृत्तीच्या आधाराने येतात. फी वाढली की सगळ्यात आधी मधल्या उत्पन्नाची घरं मागे सरतात. मग हे गायन फक्त श्रीमंतांच्या मुलांचं होईल, आणि नंतर कुणीतरी तेच कारण पुढे करून म्हणेल की हे सगळं उच्चभ्रूंचं आहे, बंद करा.

दुसरी वाट आहे, आणि ती कल्पनेतली नाही. ब्रिस्टलची कॅथेड्रल क्वायर स्कूल (गाणाऱ्या मुलांची शाळा) २००८ मध्ये फी बंद करून सरकारी अकॅडमी झाली. साउथवेलची मिन्स्टर स्कूल सरकारी आहे आणि तिथली मुलं मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलमध्ये, गातात. लेस्टर आणि डर्बीच्या कॅथेड्रलांना स्वतःची क्वायर स्कूलच नाही, ती गावभरच्या शाळांतून मुलं घेतात. लीड्सच्या कॅथलिक धर्मप्रांताने या शतकाच्या सुरुवातीपासून शाळाशाळांत गायनाचे शिक्षक पाठवले. इच्छा असेल तर हे जमतं. १९९१ पर्यंत इंग्लंडच्या कॅथेड्रलांत मुलींना गाता येणार नाही असंच बहुतेक जण म्हणत होते. सॉल्सबरीने मुलींचा स्वतंत्र वृंद उभा केला, आणि आता बहुतेक ठिकाणी मुली गातात. हा बदल झाला तसाच गरीब मुलांसाठीही होऊ शकतो.

पाचवी तक्रार वूस्टरच्या कौन्सिल सदस्यांसाठी, थोडक्यात. हाय स्ट्रीटवरचं एल्गारांचं दुकान १९६० च्या दशकात पाडलं गेलं. ‘फ्रॉयसार’ पहिल्यांदा वाजलं तो पब्लिक हॉलही त्याच दशकात गेला. १९८१ मध्ये दुकानाजवळच एल्गारचा पुतळा उभा केला. १९९९ पासून २०१० पर्यंत वीस पौंडांच्या नोटेवर एल्गार होता, मागे वूस्टर कॅथेड्रल. सन्मान खूप झाले. पुतळ्यापासून काही पावलांवर जाणाऱ्या मुलांना वाद्य मिळावं, याची जबाबदारी मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

आमच्या मराठी पालकांनाही एक गोष्ट म्हणायची आहे, कारण आपण निर्दोष नाही. ग्रामर स्कूलच्या, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांच्या, परीक्षेच्या शिकवण्यांना आपण बर्मिंगहॅमपर्यंत गाडी चालवतो, आणि शाळेतलं संगीत बंद झालं तर ‘बरं झालं, गणिताला वेळ मिळेल’ म्हणतो. घरी हार्मोनियम, गणपतीत भजन, एवढ्यावर आपलं समाधान होतं. घरचं सांभाळाच. पण शाळेचा तास गेला की ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांचं सगळंच जातं, आणि शाळेच्या सभेत त्या मुलांसाठी बोलणारं कुणी नसतं. आपण बोलू शकतो. २०२३ मध्ये बीबीसीने आपला गायकवृंद, बीबीसी सिंगर्स, बंद करायचं जाहीर केलं होतं. पत्रं आणि सह्या इतक्या आल्या की निर्णय मागे घ्यावा लागला.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

आठवड्याचा एक तास संगीत नववीपर्यंत सगळ्या शाळांना, अकॅडमींसह, कायद्याने बंधनकारक करा, आणि शाळांची तपासणी करताना तो तास खरोखर होतो का, हे पाहा. हबांचं अनुदान महागाईशी जोडा आणि एका वर्षाऐवजी पाच वर्षांसाठी मंजूर करा, म्हणजे शिक्षकांना कायम नोकरी देता येईल. कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या ज्या मुलांच्या घरचं उत्पन्न मध्यम किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या शिष्यवृत्तीत व्हॅटचा पूर्ण भार सरकारने उचलावा. आणि जी शहरं ब्रिस्टलच्या वाटेने किंवा गावभरच्या शाळांतून मुलं घेण्याच्या वाटेने जायला तयार असतील, त्यांना त्यासाठी वेगळा निधी द्यावा. पहिली मदत तात्पुरती आहे, दुसरी कायमची. मला दोन्ही हव्यात.

सिटी आणि काउंटी कौन्सिलने मिळून वूस्टरमध्ये वाद्यांचं ग्रंथालय काढावं. पुस्तकासारखं व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट घरी नेता यावं. शाळा सुटल्यावर रिकामे पडणारे हॉल सरावासाठी विनाशुल्क उघडावेत. २०२७ मध्ये थ्री क्वायर्स फेस्टिव्हल पुन्हा वूस्टरला येतोय. उत्सव भरतो उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यामुळे शाळांच्या सहली तिथे जात नाहीत. उत्सवाच्या आयोजकांशी आत्तापासून बोला. वूस्टरच्या प्रत्येक सरकारी शाळेतल्या मुलांना निदान एका रंगीत तालमीला बसता यावं, आणि त्यांच्या बसचा खर्च कौन्सिलने करावा. द्वोर्झाकसमोर बसलेल्या त्या व्हायोलिनवाल्याला जे मिळालं त्यातलं थोडं तरी त्यांना मिळू द्या.

१२ सप्टेंबर १९०५ रोजी या शहराने एल्गारला मानाचं नागरिकत्व दिलं. मिरवणूक हाय स्ट्रीटवरून निघाली. म्हातारे, आजारी विल्यम एल्गार दुकानाच्या वरच्या खिडकीतून मुलाला बघत होते. नगराध्यक्ष होते ह्यूबर्ट लेस्टर, शेडमधल्या त्या पंचकात एल्गारबरोबर बासरी वाजवणारा मित्र. कौन्सिल सदस्यहो, त्या दिवशी तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतः वादक होता आणि त्याला हे सगळं कुठून आलं ते माहीत होतं. तुमच्याकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या आधी मला लेखी उत्तर हवं आहे. वरच्या प्रत्येक मागणीला हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण. आलेलं उत्तर मी मराठीत, काही न वगळता, याच जागी प्रसिद्ध करेन. उत्तर आलं नाही तर तेही लिहीन, आणि इतर पालकांच्या सह्या घेऊन पुढचं पत्र पाठवीन.

कळावे,

आपली,
वूस्टरमधली एक मराठी आई आणि रुग्णालय कर्मचारी